शेवटच्या रांगेतली किल्ली

माझा नवरा लुत्फी गेला त्याचा चाळिसावा दिवस गुरुवारी झाला आणि रविवारी मी वर्गावर गेले. मधले दोन दिवस काय केलं ते आठवत नाही. बहुधा काहीच केलं नसेल. माझी शेजारीण सोहेर सगळ्यांना सांगत सुटली होती की नेमत फार धीराची, डोळ्यातून टिपूस काढलं नाही. धीर वगैरे काही नव्हता. मला रडू येत नव्हतं, एवढंच. चाळीस दिवस लोक येत होते, बिनसाखरेची कॉफी पीत होते, तोंडं हलवत होते आणि मी मान डोलवत होते. हे सगळं पलीकडच्या खोलीत चाललंय आणि मधलं दार कुणीतरी ओढून घेतलंय असं वाटायचं. सोहेर म्हणाली, दुःखात असंच होतं. मी म्हटलं, असेल.

मी अलेक्झांड्रियाच्या नाट्यसंस्थेत उच्चार आणि आवाजाची फेक शिकवते. एकतीस वर्षं झाली. मुलं घरची बोली घेऊन येतात, निम्मी अक्षरं गिळतात, उरलेली नाकात घालतात. त्यांना घशातलं अक्षर घशातून आणि दातांमागचं दातांमागून काढायला लावायचं, श्वास छातीतून पोटात उतरवायचा आणि तिकीट काढून सगळ्यात मागे बसलेल्या माणसापर्यंत शब्द नेऊन पोचवायचा, हे माझं काम. आमच्या संस्थेच्या नाट्यगृहात सोळा रांगा आहेत. आसनं लाकडी, जुनी. माइक नाही. मी आहे तोवर येणारही नाही, असं मी विभागप्रमुख हाझिमला दरवर्षी सांगते. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा तो, पण आता डॉक्टर हाझिम झालाय. त्याला नटांच्या गालाला माइक चिकटवायचे आहेत.

लुत्फी नाटकातला नव्हता. तो बंदरावर वायरलेसवर बसायचा. खरखरीतून जहाजांचे आवाज वेचून काढायचे आणि सुंदर अक्षरात लिहून घ्यायचे, यात त्याचा जन्म गेला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तो मला न्यायला म्हणून आला. परीक्षा चालू होती, म्हणून शेवटच्या रांगेत जाऊन बसला. समोर एक मुलगा जीव तोडून बोलत होता. ह्याने खिशातून आमच्या घराची लोखंडी किल्ली काढली आणि आसनाच्या हातावर टक् करून मारली. मी चिडून मागे वळले. तो शांतपणे म्हणाला, "तो शब्द इथे पोचला नाही."

तेव्हापासून ती रीतच पडली. शब्द पोचला नाही की एक टक्. सगळं स्वगत नीट पोचलं तर शेवटी दोन. मी तिसऱ्या रांगेत टेबल घेऊन श्वास, उभं राहणं, अक्षरांची ठेवण बघायची, तो मागे बसून एका कागदावर खुणा करायचा. त्याचं अक्षर चांगलं म्हणून गुणांची पक्की प्रतही तोच करायचा, मी सही ठोकायची. आज मालिकांमधून मिरवणारे कितीतरी नट लुत्फीच्या त्या किल्लीला चळाचळा कापलेले आहेत.

गेल्या मे महिन्यात परीक्षा झाली तेव्हा लुत्फी इस्पितळात होता. म्हणून शेवटच्या रांगेत मीच जाऊन बसले. एकोणिसांपैकी अकरा मुलांना मी नापास केलं. नऊ जणांनी बाकीच्या विषयांच्या जोरावर निभावून नेलं. नादिर नावाचा एक मुलगा संस्था सोडून गेला, तो आता रम्ल स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकतो म्हणतात. आणि उरली शुरूक. तिने तिसरं वर्ष पुन्हा घेतलं. आमच्याकडे एकाच विषयात दोनदा नापास झालं की नाव कापतात. डिसेंबरअखेरीस तिची परीक्षा होती, मला बरोबर सहा आठवडे मिळाले होते.

त्या रविवारी मी लुत्फीची किल्ली पर्समध्ये घातली आणि वर्गात गेल्या गेल्या मागे जाऊन बसले. त्याचं आसन सोडून शेजारच्या आसनावर.

"कर सुरू," मी शुरूकला म्हटलं.

एका जुन्या नाटकातला उतारा होता. नदीकाठी उभी असलेली एक बाई पलीकडच्या नावाड्याला हाका मारते.

"नावाड्या, नाव वळव. माझ्याजवळ सामान नाही. मला फक्त पलीकडे जायचं आहे..."

असं ती म्हणाली असणार. उतारा मला पाठ आहे. पण सोळाव्या रांगेत जे आलं ते नुसते स्वर होते, सालं काढलेले. मी टक् केलं. पुढच्या वाक्याला पुन्हा टक्. तिने आवाज चढवला. टक्. शेवटी ती गळ्याच्या शिरा ताणून ओरडायला लागली.

"थांब!" मी उठले. "मी तुला पोचवायला सांगितलं, बोंब मारायला नाही. बोंब भाजीवालाही मारतो!"

"पण उस्ताझा, मग कसं करू? हळू बोलले तरी टक्, मोठ्याने बोलले तरी टक्!"

मुलं हसली. मी चालत रंगमंचापाशी गेले. जवळून तिचं बोलणं चांगलं कळत होतं. तोंड तर ती असं उघडते की अक्षर कुठे तयार होतंय ते दिसावं.

"तोंड उघडतेस हे एवढं, आणि आवाज येतो थेंबभर. कुठून आलं हे, सांगू? तुझ्या आईकडून."

शुरूकची आई कफ्र अद-दव्वारच्या कापडगिरणीत मागावर आहे. तिथे खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून बाया आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात. शुरूकनेच मला पहिल्या वर्षी हे सांगितलं होतं. घरी आल्यावरही आई तशीच बोलते, म्हणाली होती.

"आईची गोष्ट वेगळी आहे," शुरूक म्हणाली. "आईला..." आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"काय आईला?"

"काही नाही, उस्ताझा."

तास संपल्यावर नाट्यगृहाचा रखवालदार बयूमी चहा घेऊन आला. सगळी मुलं त्याला अम्म बयूमी, म्हणजे बयूमीकाका, म्हणतात. बाल्कनीच्या मागे त्याची एक खोलीवजा जागा आहे, तिथे तो तीस वर्षं चहा उकळतोय आणि भोपळ्याच्या बिया सोलतोय.

"मदाम," तो म्हणाला, "रागावू नका. पोरीचं सगळं मला वर किटलीपाशी ऐकू येत होतं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"कळत काही नाही. ऐकू येतं."

मी त्याला कप परत दिला. चहा अर्धा तसाच होता.

घरी गेले की मी खुर्चीत बसायची. दिवा लावायचा राहून जायचा. एके दिवशी दार दणादणा वाजलं म्हणून उघडलं, तर सोहेर मोलोखियाच्या पातळ भाजीचं पातेलं घेऊन उभी, तोंड लाल झालेलं.

"अगं पाव तास घंटा दाबतेय! बोट दुखायला लागलं! मला वाटलं, गेली की काय ही पण!"

"लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं म्हणे. काल बाल्कनीतून हाका मारल्या, तर ढुंकून पाहिलं नाहीस. रताळीवाला खाली गाढवाएवढा ओरडत होता, त्याच्याकडेही नाही." मग तिचा चेहरा मऊ झाला. माझ्या गालावरून हात फिरवून ती म्हणाली, "दुःख कानात बसतं गं कधीकधी. माझ्या आईचं असंच झालं होतं. खा थोडं."

मी खाल्लं. चव लागली नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटत होतं. लुत्फी गेला, त्याच्याबरोबर जगाचा आवाजही गेला, यात एक न्याय होता. मला रडता येत नव्हतं, पण निदान एवढं तरी मी त्याच्यासाठी करत होते.

लुत्फीची एक सवय मात्र सारखी आठवायची. मला काही सांगायचं असलं की तो आधी टेबलावर दोन बोटांनी टक् टक् करायचा. मी मान वर करायची, मग तो बोलायचा. मला वाटायचं, नाट्यगृहातली खोड त्याने घरी आणली. सगळं पोचलं, सगळं ठीक आहे, असं काहीतरी. आणि फिरायला गेलो की तो नेहमी माझ्या डाव्या हाताला चालायचा. समुद्राचं वारं मला लागू नये म्हणून, असं मी सोहेरला कौतुकाने सांगितलंही होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कासिम आलं. आमच्याकडे हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव आहे, आणि कासिम त्यातलं दांडगं. दुसऱ्या दिवशी वारा थोडा पडला, लाटा मात्र कठड्याला धडका देत होत्या. अशा वेळी मुलांना किनाऱ्यावर नेऊन लाटांवरून बोलायला लावायचं, ही माझी जुनी पद्धत. मी एकट्या शुरूकला नेलं. तिला कठड्यापाशी उभं केलं आणि वीस पावलं मागे येऊन उभी राहिले.

"ओरडायचं नाही! पोटातून! आणि शेवटची ओळ हळू, पण माझ्यापर्यंत आली पाहिजे!"

तिने मान हलवली आणि बोलायला लागली. ओठ हलताना दिसत होते. मला लाटांची घरघर येत होती, बाकी काही नाही. ती थांबली, मी हाताने खूण केली: नाही.

तेवढ्यात खाली सिमेंटच्या ठोकळ्यांवर गळ टाकून बसलेला एक कोळी उभा राहिला. तिच्यापासून माझ्यापेक्षा दुपटीने लांब असेल तो. दोन्ही हात तोंडाशी धरून त्याने अशी आरोळी ठोकली की ती लाटांमधूनही मला ऐकू आली.

"ए पोरी! सामान नाही तर घेतो की तुला! पण माझी नाव दुरुस्तीला दिलीय!"

शुरूक खळखळून हसली. मला हसू आलं नाही. कोळी आणखी काहीतरी ओरडला. शुरूक माझ्याजवळ आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला तो?

"म्हणाला, 'तू इथेच उभी राहा, मी येतो.' शेवटची ओळ आहे ना माझी, 'तू ये, मी इथेच उभी आहे,' तिचं उत्तर दिलं त्याने."

ती ओळ तिने हळू म्हणायची होती. मी म्हटलं, "वारा त्याच्या बाजूने वाहत होता." वारा समुद्रावरून आमच्याच तोंडावर येत होता.

ट्रामच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत आलो. ती माझ्या डाव्या हाताला चालत होती. थांब्यावर ती रुळांकडे बघत काहीतरी बोलली, बराच वेळ, अधूनमधून थांबत. नापास झालेली मुलं जसं बोलतात तसं, गाऱ्हाणं. मी दमले होते. मी "हं" म्हटलं. ट्राम आली आणि ती चढून गेली.

रात्री तो कोळी काही डोक्यातून जाईना. सकाळी मी लुत्फीचं कपाट उघडलं. दुसऱ्या वर्षी त्याने शुरूकबद्दल काय लिहिलं होतं ते मला बघायचं होतं. त्याचे गठ्ठे वर्षावार लावलेले, रबर लावून बांधलेले. दर विद्यार्थ्याचा माझा कागद, त्याला टाचणीने लावलेला त्याचा कागद, वर पक्की प्रत. मी इतक्या वर्षांत एकदाही उघडून पाहिले नव्हते. कशाला पाहीन?

शुरूक, दुसरं वर्ष. माझ्या कागदावर पेन्सिलीने चौदा गोल. सीन गेला, फा गेला, सा गेला, हा गेला. सगळी फुंकरीची, दातांची अक्षरं. लुत्फीचा कागद कोरा. एकही खूण नाही. कोपऱ्यात त्याच्या त्या सुबक अक्षरात लिहिलेलं: "ने.ला नाही. मला पोचलं." ने. म्हणजे मी, नेमत. आणि पक्क्या प्रतीत त्याचा आकडा, खाली माझी सही.

मी दुसरा कागद काढला. मग तिसरा. मग जमिनीवर बसून सगळा गठ्ठा सोडला. "ने.ला नाही. मला पोचलं." कितीतरी मुलांच्या कागदांवर तेच. त्याच्या आधीच्या वर्षी जरा कमी. त्याच्या आधी आणखी कमी. पाच वर्षं मागे गेल्यावर दोघांच्या खुणा जुळायला लागल्या, आणि सहाव्या वर्षी एकसारख्या होत्या. सगळ्यात वरचा गठ्ठा गेल्या मेचा. त्यात नुसते माझेच कागद. गोलच गोल. त्यांना कुणी काही टाचलेलं नव्हतं.

आधी मला त्याचा राग आला, आणि तो राग मी जोरात बोलून दाखवला, रिकाम्या घरात. पाच वर्षं तू मला फसवलंस, तेही सुंदर अक्षरात! मी तुझ्या शेजारी जेवले, झोपले, आणि तू टेबलावर टकटक करत राहिलास! सांगायचं नाहीस? पण मला माहीत होतं, त्याने सांगितलं असतं तर मी त्याला घरातून हाकललं असतं. माझा कान म्हणजे माझी भाकरी. शहरातल्या नटांचे उच्चार मी ज्या कानाने घडवले त्याला नाव ठेवणारा हा कोण वायरलेसवाला, असं मी म्हटलं असतं. अगदी ह्याच शब्दांत.

मग दुसरं काहीतरी सुचलं आणि ते जास्त वाईट होतं. घंटा, रताळीवाला, मयताला आलेल्यांची हलणारी तोंडं, ते ओढून घेतलेलं दार. ते दुःख नव्हतं तर. ते कान होते. मग माझं दुःख कुठे होतं? मी त्याच्यासाठी केलं तरी काय होतं चाळीस दिवस?

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका पेटीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा, म्हणाल्या. मी नऊ वेळा दाबलं. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख दाखवला. रेघ आधी जरा सरळ होती, मग जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती.

"हे आजचं नाही," त्या माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाल्या. "जाड आवाज तुम्हाला येतात. बारीक गेले. उजवा कान फार गेलाय. घरच्यांच्या कसं लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हटलं.

हाझिमच्या खोलीत मी आलेख त्याच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं की गेल्या वर्षीचे माझे गुण चुकीचे आहेत. तो उठला, दार लावून आला, खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"उस्ताझा, हे कुणाला दाखवलंत?"

"तुला."

"बास. मग इथेच राहू दे." त्याने आलेखाची घडी घालून माझ्या हातात दिली. "मुलीला पास करा. मामला संपला. तुमची दोन वर्षं राहिलीत, सुखाने निवृत्त व्हा. आपण तुम्हाला कानात घालायचं ते छोटं यंत्र आणू, आणि पुढच्या वर्षी हॉलमध्ये माइक बसवू, म्हणजे प्रश्नच मिटला."

"आणि नादिर?"

"कोण नादिर?"

"रम्ल स्टेशनवर कव्हरं विकतो."

"देवाच्या कृपेने मिळवता झालाय ना?" तो म्हणाला. "एक कागद उघडला की सगळे उघडतील. माझ्यावर उपकार करा आणि गप्प बसा."

मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही. दोन महिने मी तेच करत होते.

फक्त एक अट मी घातली. परीक्षेला शेवटच्या रांगेत बयूमी बसेल.

"चहावाला परीक्षक?" हाझिम हसला.

"लुत्फी कोण मंत्री होता?"

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी किल्ली बयूमीच्या हातात दिली. त्याने आधी ती हातरुमालात घेतली, मग ओठांना टेकवली, जशी आमच्याकडे भाकरी जमिनीवर पडली की उचलून टेकवतात.

"मदाम, मला लिहिता येत नाही."

"लिहू नकोस. पोचलं नाही तर टक्. माझ्याकडे बघायचं नाही, तिची दया करायची नाही. पोचलं नाही की टक्."

"आणि सगळं पोचलं तर?"

"ते तुला माहीत आहे."

शुरूकची पाळी सातवी होती. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी हाझिम आणि कैरोहून आलेला बाहेरचा परीक्षक. ती काळा झगा घालून मधोमध उभी राहिली. श्वास पोटात उतरलेला दिसला. मग ती बोलायला लागली.

मला अर्धं ऐकू आलं, अर्धं तिच्या ओठांवर वाचलं, राहिलेलं आठवत होतं. पण माझं सगळं लक्ष पाठीमागे होतं. तो जाड टक् मला कधीही ऐकू यायचा. नावाड्या, नाव वळव. टक् नाही. माझ्याजवळ सामान नाही. टक् नाही. मध्यावर उताऱ्यात ती बाई थकते, आवाज खाली येतो, तिथे भलेभले घसरतात. मी पेन्सिल धरून बसले. टक् नाही. मला वाटलं, किल्ली वाजतेय आणि आता मला तीही ऐकू येत नाही. पण मी मागे वळले नाही. बयूमीला बघायचं नाही असं सांगितलं होतं, तर मीही बघायला नको.

"तू ये," शुरूकचे ओठ म्हणाले. "मी इथेच उभी आहे."

ती थांबली. हॉल थांबला.

टक् टक्.

मी मान वळवली. लगेच, सवयीने, पाच वर्षं टेबलापाशी वळवत आले तशी, आता तो काय सांगतोय ते बघायला. शेवटच्या रांगेत लुत्फीच्या आसनावर एक म्हातारा रखवालदार बसला होता आणि त्याच्या हातात आमच्या घराची किल्ली होती. लुत्फी नव्हता. हे मला चाळीस दिवसांत कळलं नव्हतं, त्या क्षणी कळलं. पोटात खोल कुठेतरी, जिथून मुलांना मी श्वास काढायला सांगते, तिथे दुखलं.

बयूमी उठून काहीतरी बोलत होता. दाढी हलत होती. शब्द येत नव्हता.

"काय?" मी म्हटलं.

तो पुन्हा बोलला. हाझिमने माझ्या बाहीला हात लावला. मी हात झटकला आणि उभी राहिले.

"मोठ्याने बोल, बयूमी! मला ऐकू येत नाही!"

माझा आवाज अजून चांगला आहे. तो सोळाव्या रांगेत गेला, बाल्कनीत गेला, किटलीपर्यंत गेला असेल. हॉलमधली सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. आता एवढं बोललेच होते, तर मी हाझिमकडे वळले. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"गेल्या वर्षीही येत नव्हतं. अकराच्या अकरा कागद काढा. नादिरलाही बोलवा."

बाहेरचा परीक्षक हाझिमकडे बघायला लागला. हाझिमने पेनला टोपण लावलं. मागून बयूमी जीव खाऊन ओरडला आणि ते मला आलं.

"सगळं पोचलं, मदाम! अक्षर न् अक्षर!"

मी रंगमंचाकडे वळले. शुरूक तिथेच उभी होती. रडत नव्हती, हसतही नव्हती. तिने माझी नजर धरली आणि तोंड उघडलं, तिच्या आईसारखं, मागांवरच्या बायांसारखं. आवाज काढला नाही. ओठांनी एकेक शब्द माझ्यासमोर मांडला:

मला माहीत होतं.

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज पहिल्यांदा हलला.

सांगितलं होतं, उस्ताझा, तिचे ओठ म्हणाले. कासिमच्या दुसऱ्या दिवशी, ट्रामच्या थांब्यावर. सगळं सांगितलं. तुम्ही "हं" म्हणालात.